कृपा आणि वेतन : कृष्णाकाठच्या मराठी ख्रिस्ती विचारातील एक प्रश्न

१

पाप, कृपा आणि ईश्वरावलंबन ही ख्रिस्ती धर्मविचारातील तीन परस्परसंबद्ध तत्त्वे होत. मनुष्य पापी आहे. स्वतःच्या पुण्याईने त्याचा उद्धार होत नाही. म्हणून ईश्वरकृपेवाचून त्याला तरणोपाय नाही. आणि हे ओळखून ईश्वरावर सर्वस्वी विसंबून राहणे यालाच श्रद्धा म्हणावयाचे, असा या विचाराचा थोडक्यात क्रम सांगता येईल. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या तत्त्वांचा ऊहापोह पुष्कळ झालेला आहे. परंतु एखादे तत्त्व विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट भाषेत आणि विशिष्ट सामाजिक परिस्थितीत रुजू लागले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांच्या मर्यादेत त्याचा विचार करावयाचा आहे.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. एकोणिसाव्या शतकात येथे दोन अमेरिकन मिशनांचे कार्य शेजारी शेजारी चालू होते. दोन्ही मिशने 'सर्व काही कृपेने मिळते' असे शिकवीत होती आणि दोहोंचे व्यवहार परदेशातून येणाऱ्या वर्गणीवर चालत होते. ज्या मंडळीने केवळ देवावर अवलंबून राहावयाचे, ती प्रत्यक्षात मिशनच्या तिजोरीवर अवलंबून होती. ही विसंगती ज्यांना जाणवली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. या विसंगतीला त्यांनी दिलेले अखेरचे उत्तर साताऱ्यास दिले गेले. त्या उत्तराचा अर्थ आणि त्याची किंमत समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ख्रिस्ती उपदेशकांना मराठीत 'पाप' किंवा 'कृपा' हे शब्द घडवावे लागले नाहीत. ते शतकानुशतके रुळलेले होते. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेव्हाच ओवीच्या घाटात ख्रिस्ती मुक्तिकथा सांगण्याचा उपक्रम सिद्ध झाला होता. पुढे १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले व १८२६ साली त्यांचा नव्या कराराचा मराठी अनुवाद पूर्णपणे छापून निघाला. त्या अनुवादाच्या परंपरेत पाप, कृपा, तारण, प्रायश्चित्त, पश्चात्ताप हे शब्द स्थिर झाले.

अडचण निराळीच होती. रुळलेला शब्द आपल्याबरोबर आपला जुना अर्थ घेऊन येतो. धर्मशास्त्राच्या परिभाषेत 'पाप' हे मुख्यतः विहिताचे उल्लंघन होते. त्याला नेमलेले प्रायश्चित्त होते आणि ते केल्याने पापाचे क्षालन होत असे. कर्मविपाकाच्या विचारात पाप हे ऋणासारखे होते. या जन्मी फेडले नाही तर पुढच्या जन्मी फेडावे लागे. मिशनरी ज्याला पाप म्हणत ते या दोहोंहून वेगळे होते. एकेका कृत्याचा दोष सांगून ते थांबत नसत. मनुष्याचा स्वभावच ईश्वरापासून दुरावला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा पापाला विधीने केलेले प्रायश्चित्त पुरे पडत नाही व जन्मांची परंपराही ते फेडू शकत नाही. १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा झालेला वाद आणि १८५७ साली त्याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेले वादविवाद पाहिले असता, दोन्ही पक्ष पुष्कळदा एकच शब्द दोन अर्थांनी वापरीत होते असे दिसून येते.

तथापि या भाषेत एक तिसरा प्रवाहही होता. वारकरी संतांनी देवाला पतितपावन म्हटले होते आणि आपल्या पतितपणाचीच ग्वाही देऊन त्याच्या दाराशी धरणे धरले होते. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत तर अनुताप हीच मुख्य भावना आहे. प्रयत्नवादाचा पुरस्कार करणारा हा संत देवापुढे उभा राहिला म्हणजे स्वतःच्या असमर्थतेचीच कबुली देतो. साधनाने देव मिळत नाही, त्याने आपण होऊन यावे लागते, ही जाणीव कृष्णाकाठच्या सामान्य माणसाला मिशनरी येण्यापूर्वीच होती. म्हणून कृपेचा सिद्धान्त येथे सर्वस्वी परका होता असे म्हणता येत नाही. तो ज्या वेषात आला तो वेष मात्र परका होता.

३

हा वेष कोणता, हे पाहण्यासाठी मिशनांचा इतिहास थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवा. १८४८ साली सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याच सुमारास अहमदनगर हे मुख्य केंद्र असलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे कार्य साताऱ्यात स्थिरावले. दक्षिणेस कोल्हापुरात रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ साली कार्यास आरंभ केला. त्या मिशनची सांगली येथील शाखा १८८४ साली व मिरज येथील शाखा १८९२ साली निघाली. पहिले मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांचे व दुसरे १८७० पासून प्रेस्बिटेरियन मंडळीचे होते. परंतु दोघांचाही सैद्धान्तिक वारसा कॅल्व्हिनचा होता. त्या परंपरेत कृपेचे विवेचन पुष्कळ अंशी न्यायालयाच्या भाषेत होते. मनुष्य अपराधी आहे, ईश्वर न्यायाधीश आहे, ख्रिस्ताने शिक्षा आपल्या अंगावर घेतली, म्हणून अपराधी 'नीतिमान ठरतो' अशी ती मांडणी आहे. इंग्रजी अंमलातील जिल्हा न्यायालये नुकतीच पाहू लागलेल्या शेतकऱ्याला ही उपमा समजत असेल; पण तिने त्याच्या मनात जिव्हाळा निर्माण झाला असेल असे नाही.

अवलंबनाचा प्रश्नही याच काळात उद्भवला. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः चालवावा व स्वतःचा विस्तार स्वतः करावा हे त्यांचे तत्त्व पुढे विख्यात झाले. इंग्रजी शाळांवरील खर्च आवरून स्थानिक पाळक तयार करावेत, असा त्यांचा आग्रह होता. वाइल्डर यांना हे शाळाविषयक धोरण पटले नाही. त्यांचा बोर्डाशी बेबनाव झाला आणि १८६१ साली ते बोर्डाच्या आश्रयावाचून कोल्हापुरास परत आले. १८७० साली प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते मिशन आपल्याकडे घेईपर्यंत, सुमारे नऊ वर्षे, मिळेल त्या देणगीवर ते चालले. म्हणजे सांगली व मिरज ही ज्या वृक्षाची फळे, त्या वृक्षाच्या इतिहासात संस्थेच्या आधाराविना काढलेली काही वर्षे होती. पण वाइल्डर परदेशी होते व त्यांच्या देणग्याही बव्हंशी परदेशीच होत्या. त्यांच्या हाताखालच्या पगारी उपदेशकाचे अवलंबन त्यामुळे तिळमात्र कमी झाले नाही. आकाशाकडे पाहण्याचे स्वातंत्र्य साहेबाला होते. उपदेशकाला साहेबाकडे पाहावे लागे.

४

पापाच्या सिद्धान्ताचा या प्रदेशात झालेला परिणाम निराळ्या अंगाने पाहावयास हवा. दोन्ही मिशनांच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. या समाजांना 'पाप' हा शब्द फार चांगला ठाऊक होता, कारण त्यांच्या हीन गणलेल्या जन्माचे कारण म्हणून तोच सांगितला जात असे. पूर्वजन्मीचे पाप म्हणून हा जन्म, अशी समजूत गावगाड्यात घट्ट बसलेली होती. सर्व मनुष्ये सारखीच पापी आहेत हे विधान वरवर पाहता निराशाजनक आहे. पण ज्याला आजवर एकट्यालाच पापी ठरविले होते, त्याच्या कानी ते वेगळे पडते. पाप सर्वांचे झाले की ते कोणा एका जातीचे राहत नाही. पापाचा हा सिद्धान्त येथे समतेचा सिद्धान्तही ठरू शकत होता, ही गोष्ट मिशनऱ्यांपेक्षा त्यांच्या श्रोत्यांना अधिक लवकर कळली असावी.

मिरजेस हाच प्रश्न रोगाच्या रूपाने पुढे आला. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली सांगलीस आले व १८९२ साली मिरजेस गेले. १८९४ साली तेथील इस्पितळ सुरू झाले, १८९७ साली वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग निघाला आणि १९०० साली महारोग्यांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान झाले. महारोग, ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो, हा पापाचे फळ आहे ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती. रोगी स्वतःही तीच बाळगून असे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याची कथा आहे. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, असे शिष्य विचारतात. तेव्हा पाप याचेही नाही व याच्या आईबापांचेही नाही, असे येशू सांगतो. जी परंपरा सर्व मनुष्यांना पापी म्हणते, तीच एकेका रोग्याच्या रोगाचा त्याच्या पापाशी असलेला संबंध तोडून टाकते. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत, किंबहुना एकमेकींवर टेकलेल्या आहेत, हे मिरजेच्या कार्यात प्रत्यक्ष दिसत होते. औषधोपचार करणाऱ्या हाताने रोग्याच्या कपाळीचा जुना निवाडा पुसला जात होता.

या विचाराला विरोधी असलेला विचारही येथेच आढळतो, त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सातारा जिल्हा हे सत्यशोधक चळवळीचे मोठे क्षेत्र होते. जोतीराव फुले यांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याचे मोल मानले; पण त्यांचा 'निर्मिक' सत्यवर्तनाची अपेक्षा करतो, बलिदानाने पापाची भरपाई मागत नाही. ज्यांचे काही शालेय शिक्षण साताऱ्यात झाले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या मते बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. दुसऱ्याच्या कृपेवर विसंबून राहणे हे पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांवर अवलंबून ठेवल्या गेलेल्या समाजाला पुन्हा त्याच जागी नेणारे नाही काय, असा प्रश्न या भूमिकेतून निघतो. तो गंभीर आहे आणि ख्रिस्ती मंडळीला तिच्या आतूनही ऐकू येत होता.

५

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर व राहुरी येथे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी अनेक वर्षे कार्य केले. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा निर्वाळा सुप्रसिद्ध आहे. हे केवळ सौजन्याचे वाक्य मानणे चुकीचे ठरेल. टिळकांच्या अभंगांत कृपेची उपमाच बदललेली दिसते. न्यायाधीशाच्या जागी माउली येते. ज्ञानेश्वरांसाठी वारकऱ्यांनी वापरलेले संबोधन टिळक ख्रिस्ताला लावतात आणि त्याबरोबर पाप व कृपा यांचे नातेही पालटते. न्यायालयात क्षमा ही नियमाला अपवाद असते. तेथे तिचे समर्थन करावे लागते. आईच्या ठिकाणी क्षमा हा स्वभाव असतो. तेथे समर्थन करावे लागलेच तर मुलाच्या दूर राहण्याचे करावे लागते. पाप म्हणजे मोडलेला कायदा यापेक्षा सोडलेले घर, असा अर्थ त्यांच्या काव्यातून बळावतो. संतांच्या भाषेतील तिसऱ्या प्रवाहाचा उल्लेख वर केला आहे. टिळकांनी त्या प्रवाहाच्या काठी कृपेचे घर बांधले.

परंतु आईच्या कृपेवर जगणाऱ्याने महिन्याच्या महिन्यास कोणाचे वेतन घ्यावे? हा प्रश्न टिळकांना सोडीना. हिंदी ख्रिस्ती मनुष्य मिशनरीपुढे मिंधा झाला आहे, त्याचा विचार व त्याची उपासनाही उसनी झाली आहे, ही खंत त्यांच्या उत्तरायुष्यात वारंवार प्रकट झाली. त्यांच्या पूर्वी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात ठरावीक वर्गणीवर भरवसा न ठेवता प्रार्थनेवर विसंबण्याचा मार्ग धरला होता. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनात पाप, कृपा आणि हे अवलंबन यांचा एकच धागा दिसतो. टिळकांनी १९१७ साली मिशनचा संबंध सोडला, संन्यास स्वीकारला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात यावेत अशी त्यांची कल्पना होती.

ही कल्पना दोन कारणांनी क्रांतिकारक होती. एक, तिने मंडळीची कुंपणे कृपेच्या तत्त्वाने तपासली. कृपा जर मनुष्याच्या अधिकारात नाही, तर तिच्या सीमा मनुष्याने रजिस्टरात आखाव्यात काय, असा प्रश्न तीत गर्भित होता. दुसरे, तिने ईश्वरावलंबनाचे तत्त्व प्रार्थनेच्या भाषेतून उचलून घरखर्चाच्या वहीत नेले. अँडरसन यांचा स्वावलंबनाचा सिद्धान्त बोर्डाच्या सोयीचाही होता. टिळकांचा मार्ग मात्र स्वतःच्या ताटावर प्रयोग करणारा होता.

येथे एका साक्षीची नोंद घेतल्यावाचून निर्णय देता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. पतीच्या संन्यासाचे तेज त्यांनी लपविलेले नाही. पण हाती आलेला पैसा व वस्तू देऊन टाकणाऱ्या पुरुषाच्या घरी चूल पेटती ठेवणे म्हणजे काय, तेही लपविलेले नाही. ज्याला एक जण देवावरचा भरवसा म्हणतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभा असतो, हे सत्य या ग्रंथातील विनोदाच्या तळाशी आहे. रेव्हरंड जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ सालच्या टिळकचरित्रात संन्यासी टिळक प्रामुख्याने दिसतात; 'स्मृतिचित्रां'त संन्याशाचा संसार दिसतो. विन्स्लो स्वतः आश्रमजीवनाचे पुरस्कर्ते होते, हे ध्यानात ठेवून त्यांचे चरित्र वाचावे लागते. आणि लक्ष्मीबाईंचे लेखन टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी ग्रंथरूपाने आले, हेही विसरून चालत नाही. अभ्यासकाने ही दोन्ही साधने शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

६

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. दरबाराला दोन वर्षांचेही आयुष्य मिळाले नाही आणि प्रवर्तकामागे तो संस्था म्हणून टिकला नाही. याउलट मिरजेचे इस्पितळ वॉनलेस यांच्या १९३३ मधील मृत्यूनंतरही दीर्घकाळ चालले. या दोन गोष्टी शेजारी मांडून, संस्था जिंकली व श्रद्धा हरली, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो उथळ होईल. रोग्याला कृपा कळावयाची तर खाट, औषध व शस्त्रक्रियेची मेज लागते, आणि या वस्तू वर्गणीशिवाय येत नाहीत. मिरजेने कृपेला देह दिला. परंतु ज्या संस्थेचे हात देणाऱ्याचे असतात, तिच्या दारात येणारा नेहमीच घेणारा राहतो, आणि घेणाऱ्याला कृपा व उपकार यांतील भेद सहज कळत नाही. तो भेद स्पष्ट करण्याचे काम साताऱ्याच्या अल्पजीवी दरबाराने केले. मनुष्याने मनुष्याचे मिंधे होणे आणि मनुष्याने ईश्वरावर विसंबणे या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. पहिलीत मान खाली जाते, दुसरीत ती वर उचलली जाते, असे टिळकांना सिद्ध करावयाचे होते. डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेतून निघणाऱ्या आक्षेपाला ख्रिस्ती बाजूने द्यावयाचे उत्तर या भेदावरच उभे राहू शकते. ते पुरेसे आहे की नाही, हे मात्र सिद्धान्तावरून ठरत नाही. मंडळीतील गरिबाची मान प्रत्यक्षात वर झाली की नाही यावरून ठरते.

१९२४ साली प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून संयुक्त उत्तर हिंदुस्थान मंडळी झाली व १९७० साली उत्तर भारत मंडळी स्थापन झाली. मिशनच्या तिजोरीचा काळ मागे पडत गेला आणि अवलंबनाचा जुना प्रश्न त्याच्या जुन्या रूपात उरला नाही. मराठी उपासनेत टिळकांची पदे मात्र राहिली. ज्यांना त्यांच्या दरबाराचे नावही ठाऊक नाही, असे लोकही ती गातात. कृपेची माउली मंडळीने स्वीकारली, वेतनाचा प्रश्न विचारणारा संन्यासी मात्र तिने चरित्रग्रंथांत ठेवून दिला.

म्हणून या प्रदेशातील ख्रिस्ती विचाराचा इतिहास लिहिणाऱ्याने उपदेशांच्या संग्रहांबरोबर जमाखर्चाच्या वह्या, इस्पितळांचे अहवाल आणि घरातील स्त्रियांची आत्मकथने हीही धर्मशास्त्राची साधने मानली पाहिजेत. पाप, कृपा व अवलंबन या शब्दांचा अर्थ कृष्णाकाठी व्यासपीठावर जितका ठरला, तितकाच तो महारोग्याच्या खाटेशी, उपदेशकाच्या पगारपत्रकात आणि साताऱ्यातील एका घराच्या चुलीपाशी ठरला आहे.